चौकटीखालच्या दोन रेघा

मी, आर्लेथा टॉलिव्हर, कै. होझिया टॉलिव्हर यांची बायको, वय एक्याऐंशी, राहणार कोकर्स बेंड, अलाबामा, चर्चच्या मागचं निळ्या दाराचं घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. मला कोणी दम दिलेला नाही. कोणी गोड बोलून गुंडाळलेलंही नाही. तसा प्रयत्न माझ्या मुलीने केला, तो कलम दोनमध्ये येईल. माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला वकीलबाई यार्ब्रो यांनी मला वार विचारला, महिना विचारला. मी सांगितला. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या पायात दोन रंगांचे मोजे का? त्या म्हणाल्या, "लिहा, आर्लेथाबाई. डोकं उत्तम आहे."

कलम एक. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. आमच्या घरात कागद करायची रीतच नव्हती. वडील म्हणायचे, काळा माणूस कोर्टात कागद घेऊन गेला की कागद आत राहतो, माणूस बाहेर येतो आणि जमीन तिसऱ्याचीच होते. म्हणून त्यांनी कागद केला नाही. ओढ्याकाठची जमीन सदतीस वारसांची झाली. त्यातल्या एकाने, ज्याने ती आयुष्यात बघितली नव्हती, आपला वाटा विकला, आणि घेणाऱ्याने कोर्टाकडून सगळीच लिलावात काढवली. आता तिथे पाटी आहे, आत येण्यास मनाई. वडिलांचं म्हणणं खरं होतं आणि त्यांची चूकही झाली. दोन्ही एकदम होऊ शकतं.

कलम दोन. राहतं घर माझी मुलगी वांडा, राहणार डेट्रॉइट, हिला. ती फोनवर म्हणते, "आई, विकून टाक ते आणि ये इकडे. माझ्या घरात हीटर आहे." अगं, इथे दाराबाहेर हीटर आहे, तोही फुकट. घर तुझं, वांडा, पण मागचं अंगण आणि पत्र्याची शेड, जिथे ट्रक उभा राहतो ती जागा, रेफर्डची. आत्ता तू नाक मुरडलंस ते मला इथून दिसलं. त्याच ट्रकवर तुझं कॉलेज झालं. फीच्या पैशाला वास येतो असं कॉलेजने मला कधी कळवलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचा ट्रक मैला उपसतो. इकडची माती चिकण, पाणी पीत नाही. त्यामुळे घरोघरच्या टाक्या तुंबतात. होझियाने चाळीस वर्षं त्या उपसल्या. तो गेल्यावर ट्रक आणि परवाना माझ्या नावावर आले.

कलम तीन. चर्चला घालून जायच्या माझ्या टोप्या, एकूण बावीस, महिला मंडळाला. भांडू नका. जांभळी मात्र माझ्या डोक्यावर राहील, शवपेटीत. त्या दिवशीच्या जेवणात मॅकरोनी कोणी करायची ते मी सांगत नाही. कोणी करायची नाही ते तिला स्वतःला माहीत आहे.

कलम चार. आता रेफर्ड. रेफर्ड बॅस्किन, माझी धाकटी बहीण आयडेला हिचा मुलगा, वय सदतीस. एकोणिसाव्या वर्षी तुरुंगात गेला. दुकानावर दरोडा पडला तेव्हा बाहेर गाडीत तो होता, एवढं आम्हाला कोर्टात कळलं. अठ्ठाविसाव्या वर्षी सुटला. तोवर आयडेलाही नव्हती आणि होझियाही नव्हता, म्हणून तो माझ्या दारात आला. नऊ वर्षं आत, नऊ वर्षं बाहेर.

पहिलं वर्ष तो काम शोधत होता. नोकरीच्या अर्जावर एक चौकट असते: तुमच्यावर कधी गुन्हा शाबीत झाला आहे का, हो की नाही. तिच्याखाली लिहिलेलं असतं, "असल्यास खुलासा करा", आणि दोन रेघा. रेफर्ड प्रत्येक वेळी "हो"वर खूण करायचा. कोंबड्यांच्या कारखान्यात एकदा घेतलं. बाराव्या दिवशी तपासणीचा कागद आला आणि तेराव्या दिवशी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. अरे, त्याने तर पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं! कोणी वाचलंच नव्हतं.

मला कोडं पडलं, की खूण केल्यावर काउंटरपलीकडे होतं तरी काय? रेफर्डला विचारलं. तो म्हणाला, "काही होत नाही, मावशी. तेच तर." याने माझं समाधान होईना. मग मी जांभळी टोपी घातली, पर्स घेतली आणि स्वतः तीन ठिकाणी अर्ज भरून आले. वय तेव्हा बहात्तर. तिन्ही ठिकाणी "हो"वर खूण, चांगली ठसठशीत. (वकीलबाई म्हणतात, हे कागदावर घेऊ नका. घेते. मेल्यावर काय करणार आहेत?)

पहिलं, साबण-बिस्किटांचं दुकान. तिथली मुलगी म्हणाली, "अगंबाई, आजी, तुमची खूण चुकीच्या घरात पडली," आणि माझ्या देखत खोडून "नाही"वर केली. मी म्हटलं, "चुकलेली नाही, बाळ." ती म्हणाली, "चष्मा नाही आणला का?"

दुसरं, हायवेवरचं मोटेल. मालक गोरा, जाडा, हसरा. पोट धरून हसला. "काय केलंत हो? चर्चचा केक पळवलात?" मी म्हटलं, "विचारा ना." तो आणखी हसला, आणि चादरी धुवायला सोमवारपासून या म्हणाला.

तिसरं, म्हाताऱ्यांच्या आश्रमाचं स्वयंपाकघर. तिथल्या बाईने अर्ज वाचला. हसली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि अर्ज डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर न ठेवता उजव्या हाताच्या खणात ठेवला. मी म्हटलं, "बाई, काय केलं ते विचारणार नाही का?" ती म्हणाली, "त्याची गरज नाही. काही असलं तर कळवू." मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्लीच लावली नाही. पाच मिनिटं मी रेफर्ड होते.  आणि मी तर खोटी होते.

मला दोन ठिकाणी चूक किंवा थट्टा समजून सोडलं. त्याच्या बाबतीत कोणालाच कधी वाटलं नाही की खूण चुकून पडली असेल.

कलम पाच. होझियाची मासेमारीची होडी. ही आमच्या चर्चचे डीकन लुशस पर्डी यांना देत नाही. होझियाला पुरल्याच्या आठवड्यापासून ते मला सांगत आलेत, "होडी उन्हात तडकेल, आर्लेथा." तडकू दे. डीकन लाकडाच्या वखारीत मुकादम होते. रेफर्ड त्यांच्याकडे गेला तेव्हा म्हणाले, माणूस नकोय. दोन दिवसांनी त्यांनी एक गोरा पोरगा घेतला, जो रेफर्डच्याच तुरुंगातून सुटला होता. दोघं आत एकाच धोबीखान्यात होते! मी रविवारी प्रार्थना संपल्याबरोबर त्यांना पायरीवर गाठलं.

"डीकन, त्या पोराच्या चौकटीत काय होतं हो? फूल काढलं होतं का?"

"हळू बोल, आर्लेथा."

"मी हळूच बोलतेय. जोरात बोलले तर बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल."

मग ते खाली बसले आणि म्हणाले, "ऐक. त्या पोराने उद्या काही केलं, तर मालक म्हणेल, हा पोरगा वाईट निघाला. रेफर्डने काही केलं, तर म्हणेल, पर्डी, तुमचे लोक असेच. मग मीही गेलो आणि माझ्या मागून येणारे चौघेही गेले. मला एकच चूक माफ आहे, आणि ती मी स्वतःसाठी राखून ठेवलीय."

  मी म्हटलं, "तुमची भीती मला पटली, डीकन. तुमचा निकाल नाही पटला." होडी रेफर्डला. त्याला मासे आवडत नाहीत, तरी त्यालाच. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, बरं दिसत नाही. म्हणून मी डीकनना साक्षीदार केलंय.

कलम सहा. ट्रक, पंप, साठ फूट पाइप, आणि गिऱ्हाइकांची वही, हे सगळं रेफर्डला. हे कलम एका ओळीत लिहिता यायला मला वर्ष लागलं, म्हणून सगळं सांगते.

वखारीनंतर मी त्याला ट्रकवर घेतलं. पहिल्याच घरी बाईने दाराला कडी घातली आणि पडद्यातून बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या शेजारच्या सीटवर. टोपी, पर्स, मांडीवर सोलायला मटार. लोकांना मी दिसले की फाटक उघडायचं. दोन वर्षं मी अशी बसले. मटार तर इतके सोलले की रेफर्ड म्हणायचा, "मावशी, तू मला नोकरी दिलीस की मी तुला?"

मग एकदा माझी दाढ काढली आणि तो एकटा गेला. पाच वर्षांचं गिऱ्हाईक, तिसऱ्यांदा तिथे रेफर्डच उपसायला आलेला, तरी त्या बाईने शेरीफला फोन केला: अंगणात एक माणूस झाकण उघडतोय. चाळीस मिनिटं पोलिसांनी त्याला ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून उभं केलं, पाइप टाकीतच. त्याचं नाव यंत्रात घातलं तेव्हा जुनं सगळं बाहेर आलं, मग आणखी वेळ. सोडल्यावर त्याने काय केलं? उरलेली टाकी उपसली, झाकण लावलं, अंगण धुतलं. घरी येऊन मला म्हणाला, "दाढ दुखतेय का?" बाकीचं मला त्या बाईच्या माफीच्या फोनवरून कळलं.

पण तो जातच राहिला, आणि हळूहळू फाटकं त्याच्यासाठीही उघडायला लागली. गेली पाच वर्षं मी घरी बसून मटार सोलते.

गेल्या वर्षी वकीलबाईंकडे गेले आणि म्हटलं, ट्रक रेफर्डला, आणि मृत्युपत्राचा कारभारीही तोच. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कारभारी त्याला करता येणार नाही, आर्लेथाबाई. शिक्षा झालेली आहे. आणि परवाना तुमच्या नावाचा, तो तुमच्याबरोबरच जाईल. ट्रक त्याचा होईल, पण काम करता येणार नाही."

बघा! चौकट माझ्या मृत्युपत्रातही येऊन बसली होती.

म्हणून कारभारी वांडा. आणि परवान्यासाठी मी जिवंत असतानाच त्याच्या नावाने अर्ज. त्या अर्जावरही तीच चौकट, त्याच दोन रेघा. आम्ही शहराच्या मैलाकेंद्रावर ट्रक रिकामा होण्याची वाट बघत होतो. वीस मिनिटं लागतात. अर्ज माझ्या मांडीवर.

"लिही," मी म्हटलं.

"त्या रेघा कोणी वाचत नाही, मावशी."

"मी वाचीन. लिही. जगात कोणी विचारत नाही म्हणून आपणही—"

तो हसला. कडवटपणे नाही, नेहमीसारखाच. "मावशी, तू अख्ख्या गावाला सगळं विचारतेस. पोस्टमनला त्याच्या मूळव्याधीबद्दल विचारतेस. मला नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाहीस, त्या दिवशी काय झालं."

मला वाटायचं मी मन राखतेय. त्या आश्रमाच्या बाईलाही तसंच वाटत असेल.

मी खिडकीची काच वर केली आणि विचारलं. त्याने सांगितलं. ट्रक कधी रिकामा झाला कळलं नाही. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा निघालो.

मग त्याने त्या दोन रेघा लिहिल्या. त्या पुरल्या नाहीत, म्हणून कागद पालथा करून पलीकडे लिहिलं. आरोग्य खात्यात तीन जण बसले होते. मधल्या बाईने पुढची बाजू वाचली, कागद उलटला, पलीकडची वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून.  रेफर्डने गुडघ्यावर हात असे ठेवले होते, जसे कोणीतरी सांगितल्याशिवाय उचलायचे नसतात. शेवटी ती म्हणाली, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो, बाई."

"मी अकरा वर्षं इथे बसतेय. त्या जागेत लोक लिहितात, 'समक्ष सांगेन.' मग समक्ष आम्ही विचारत नाही."

दोन हात वर, एक खाली. खालच्या हाताच्या घरची टाकी कोण उपसतं ते मला माहीत आहे, रेफर्डलाही माहीत आहे, आणि तो ती नीटच उपसेल. परवाना काल टपालाने आला: रेफर्ड बॅस्किन. परवाना आला नसता तर काय, तेही मी लिहून ठेवलं होतं: ट्रक पूर्ण भरून आरोग्य खात्याच्या दारात उभा करावा आणि किल्ली ओढ्यात टाकावी. वकीलबाईंनी ते खोडायला लावलं. खोडताना मला जरा हळहळ वाटली.

कलम सात. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन. उरेल ते वांडाला.

कलम आठ. रेफर्डने मला ट्रकमध्ये जे सांगितलं, ते. वकीलबाई म्हणतात, माझ्याजवळचं जे कागदावर येत नाही त्याच्यावरून मागे भांडणं होतात, म्हणून लिहिते. माझ्याजवळची ही एकच गोष्ट मी कोणाला ठेवत नाही. वांडालाही नाही, चर्चलाही नाही. ती माझी नव्हतीच, मला फक्त उशिरा दाखवली गेली. ज्याला जाणून घ्यायची असेल त्याने त्यालाच विचारावं. पाइप टाकल्यावर तो वीस मिनिटं मोकळाच उभा असतो. फाटक उघडा, दोन खुर्च्या बाहेर काढा, आणि आधी त्याला बसू द्या.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, दोन ठिकाणी स्वतःवरच हसले, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

आर्लेथा टॉलिव्हर

साक्षीदार:
१. लुशस पर्डी, डीकन (कलम पाच दोनदा वाचून)
२. मर्ना टीग, वकीलबाईंच्या कचेरीतून

ठिकाण: कोकर्स बेंड, अलाबामा
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४