काचेचा मुलामा

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू खिडकीच्या काचेवर रंगवलेल्या जांभळ्या बाईची तब्येत कशी आहे? तिचा रंग टिकावा म्हणून मी मुलामा चढवून वर्ष होत आलं, पण तू तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीस. रुसलंय कोण, तू की ती?

मी मात्र हवेत आहे. ग्रंथालयाच्या जुन्या रंगीत खिडक्यांवर आमच्याच प्रयोगशाळेचा मुलामा द्यायचं ठरलंय. साहेबांनी विचारलं, आधी कुठे वापरलाय का. मी म्हटलं, माझ्या आत्याच्या खिडकीत आहे आणि तिची काही तक्रार नाही.

तू विसरल्याचं सोंग करशील म्हणून पुन्हा सांगते. हा मुलामा म्हणजे काचच, पण ती भट्टीत वितळवत नाहीत, पातळ द्रावणातून थिजवतात. अर्धी वाळूच्या जातीची, अर्धी प्लॅस्टिकच्या. म्हणून रंग भाजत नाही आणि ती थोडी लवचीकही राहते.

डोळ्यांत थेंब घाल. लोभात काटकसर नको.

तुझी,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बाई बरी आहे. माझा हात आता कपसुद्धा धड धरत नाही, तेव्हा तिच्यानंतर दुसरी काढणं काही जमायचं नाही. तुझ्या दादाने नवीन खुर्ची आणली. तीत बसलं की उठायला माणूस लागतं.

शेजारीण सहज विचारत होती, तुमच्या त्या मुलाम्याला उन्हाने काही होतं का. सवड झाली की लिही. घाई नाही.

जेवत जा. माया आहेच.

तुझी,
आत्या

१६ जून

ती. आत्यास,
सा. न.

ग्रंथालयाच्या दक्षिणेकडच्या काचांवरून निळा रंग पापुद्र्यांसारखा सुटला. चाचणीसाठी आम्ही नमुने भट्टीत कडक तापवले होते, पण थोडाच वेळ. उन्हाची मंद धग महिनोन् महिने लागली की मुलामा आतल्या आत आवळत जातो, हे आम्ही तपासलंच नाही. गडद रंग जास्त तापतो, तिथे मुलामा रंगालाच ओढून काढतो.

उत्तरेकडच्या खिडक्या अजून शाबूत आहेत. तुझी काच सगळ्यांत जुनी. ती जशी असेल तशी, अजिबात न पुसता, दादाबरोबर पाठव. सुटायला सुरुवात कुठून झाली ते दिसलं, तर बाकीच्या वाचवता येतील.

आणि शेजारणीने नेमकं काय पाहिलं होतं?

भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

शेजारणीने काहीच पाहिलं नव्हतं. विचारणारी मीच.

गेल्या वर्षीचा उन्हाळा सरता सरता बाईचा पदर सुटू लागला, मग केस, मग चेहरा. रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर जांभळा भुगा पडलेला असायचा. तुला लिहायला बसायचे आणि दुसरंच काहीतरी लिहायचे. वाटायचं, पोरगी पहिल्यांदा इतकी खुशीत आहे, एका म्हातारीच्या चित्रापायी तिचा हिरमोड कशाला. तू ग्रंथालयाचं लिहिलंस, तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. शेजारणीच्या आड लपून विचारलं, ते तुला कसं कळणार?

काच पाठवता येत नाही. तू सुट्टीत येणार होतीस, तिची ती दशा तुझ्या नजरेस पडू नये म्हणून मी उरलेला रंग खरवडला आणि काच धुऊन पुसून ठेवली. तू आलीच नाहीस. आता तिच्यातून समोरचा रस्ता अगदी स्वच्छ दिसतो.

दादा म्हणतो, तू फोन उचलत नाहीस. नको उचलूस. येशील तेव्हा रागावूनच ये, पण ये.

तुझी,
आत्या