तीन इंजिनं, एक बूट

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

आलं एकदाचं इंजिन! चार सिलिंडर, दोन लिटर, कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. कुमारने काल भंगारवाल्याकडून ट्रेलरवर घालून आणलं आणि आज दिवसभर गराजमध्ये त्याच्यासमोर स्टूल टाकून बसला. अन्वी झाली तेव्हा हॉस्पिटलात तरी नवरा माझा असा बसला होता का, आठवत नाही.

गराज त्सुफेनहाउझेनला, भाड्याचं. वर्षभर तिथे नुसता सांगाडा उभा आहे — लोखंडी नळ्या, चार चाकं, एक स्टिअरिंग. किट कार म्हणे. भाग खोक्यांतून येतात, ते आपण जोडायचे. इंजिन मात्र आपलं आपण शोधायचं. आठवडाभर सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार हे. आधी मला हसू यायचं. आता मीच डोकावायला जाते. हे त्याला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

मी म्हटलं, "पेट्रोलच कशाला? इलेक्ट्रिक बसव की."

"त्याला गाडी नाही म्हणत, मिक्सर म्हणतात."

येताना बसने आले, तो तिथेच रमला होता. डाव्या घोट्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझं गाडी चालवणं बंद. कुमारने दोनदा विषय काढला होता, मी बोलूच दिलं नाही. चालवायला फार आवडायचं, म्हणूनच. बस बरी आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. इंजिनाची पूजा केली. झेंडू मिळाला नाही, शेवंती घेतली. फुलवालीने विचारलं, कबरीवर ठेवायला हवीत का? म्हटलं, नाही, इंजिनवर. तिने गुपचूप बांधून दिली.

सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर होत्या. "अगं नंदिनी, तोंडाशी फूल ठेव त्याच्या." इंजिनाला तोंड कुठलं? जिथे मोठं भोक दिसलं तिथे ठेवलं. कुमार केवढ्यांदा ओरडला. त्या भोकातून हवा आत जाते म्हणे. पाकळ्या आत गेल्या होत्या. सगळी दुपार त्याने चिमट्याने त्या काढल्या आणि मी टॉर्च धरला.

पण त्यामुळे आत बघायला मिळालं. झडपा बसलेल्या, एकीशेजारी एक, चकाकत. हे सगळं पुढेमागे होतं आणि त्यातून चाक फिरतं. कसं? कुमारने जेवताना काट्या-चमच्यांनी समजावलं. अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, तुम्ही दोघं आता अगदी पाइनलिश झाला आहात. म्हणजे आमची लाज वाटते.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज हेर (म्हणजे श्रीयुत) ब्राख्ट गराजवर आले. हे प्र्यूफर, म्हणजे तपासनीस. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची की नाही, ते हेच ठरवणार. इथली रीत अशी की आधी त्यांना विचारायचं, मग इंजिन घ्यायचं. आमचं उलटं. आधी घेतलं, पूजा केली, नारळ फोडला, मग विचारलं.

त्यांनी वाकून इंजिनावरचं कुंकू बोटाने पुसलं, वास घेतला. "रोस्ट?" म्हणजे गंज का?

"नाइन," कुमारने नकारार्थी मान हलवली. "रिलिगिऑन."

"आल्झो गुट." म्हणजे, बरं तर.

आणि इंजिन पास! सायलेन्सर तेवढा बदला, आवाज फार आहे म्हणाले. घरी येईपर्यंत कुमार शीळ घालत होता. त्याला तो आवाजच तर आवडतो. कॉलेजात असल्यापासून असं इंजिन त्याच्या मनात आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

विकतोय. तेच इंजिन विकतोय!

का, तर म्हणे जड आहे. इतके दिवस जड नव्हतं? मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "अगं, जमत नाहीये त्याचं," आणि भांडी घासायला गेला. न सांगता भांडी घासतो म्हणजे काहीतरी नक्की आहे.

मला सासऱ्यांची स्कूटर आठवली. त्यांनी ती विकली तेव्हा सांगितलं, पार्किंगला जागा नाही. हात थरथरायला लागले होते, ते आम्हाला पुढे डॉक्टरांकडून कळलं. तोपर्यंत आजार बराच वाढला होता. या घरातले पुरुष सोडतात एक आणि कारण सांगतात भलतंच.

कुमारला काही होत तर नाहीये?

१ डिसेंबर, रविवार

सासूबाई चिडल्या. पूजा केलेलं असं परक्याला द्यायचं नसतं. कुमार म्हणाला, "आई, गणपतीच्या मूर्तीसुद्धा विकतातच की."

"पूजेच्या आधी विकतात. नंतर नाही."

शेवटी तोडगा निघाला — नारळ देऊन पाठवायचं, सासरी पाठवतात तसं. हाइलब्रॉनहून ते घ्यायला आलेला एक धिप्पाड मुलगा इंजिन ट्रेलरवर बांधून आणि नारळ शेजारच्या सीटवर ठेवून गेला. कुंकवाबद्दल त्यानेही विचारलंच, गंज आहे का.

११ जानेवारी २०२५, शनिवार

नवीन इंजिन. मोटरसायकलचं! इवलंसं, मी एका बाजूने उचलू शकले. मी आता सगळं वाचते त्याच्याआधी. याच्यात चालत्या गाडीला गिअर बदलताना क्लच दाबला नाही तरी चालतं, हे मीच त्याला सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"सुटताना लागतो," म्हणाला. "सिग्नलला थांबलीस की पुन्हा सुटताना लागतोच."

हातातला पाना खाली पडला, तो उचलायला वाकला, परत पडला. मी बघत होते. थंडीने बोटं बधिर होतात, माझीसुद्धा होतात. असंच असणार.

१८ जानेवारी

तेही विकायला काढलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गराजमध्ये काय आलं असेल? मिक्सर.

हो, तोच माणूस. एका अपघातात सापडलेल्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर, बॅटऱ्यांसकट. या वेळी हेर ब्राख्टना आधी विचारून आलाय, गेनाऊ, अगदी जर्मन पद्धतीने. "का रे?" म्हटलं, तर म्हणे, शांत असते. हा माणूस रस्त्यातून गाडी गेली की मान वळवून तिचा आवाज ऐकतो. याला शांत हवी?

सासूबाई मात्र खूश. "मिक्सरची पूजा तर आपण दर दसऱ्याला करतोच."

मी मोटर उघडलेली पाहिली. तांब्याच्या तारा आणि मधे फिरणारा दांडा. झडपा नाहीत, तेल नाही, धूर नाही, गिअरसुद्धा नाहीत. पायाने दाबलं की पहिल्या क्षणापासून सगळा जोर चाकाला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. एरवी मी याच्यात रमले असते. पण माझं लक्ष सारखं कुमारच्या हातांकडे. संध्याकाळी मुद्दाम त्याला चहा गाळायला लावला. सांडला नाही. बशीत थोडा सांडला. तो नेहमीच सांडतो.

अन्वीला बोलून दाखवलं. "फ्राग इन डोख आइनफाख," म्हणाली. सरळ विचार ना त्याला. या पोरीला कसं सांगू? सरळ विचारलं तर सरळ उत्तर येईल, त्याचीच तर भीती वाटते.

१ मार्च

माझा थंडीतला उजवा बूट सापडत नाही. डावा जागेवर आहे. एक बूट कोण नेतं? अन्वी म्हणाली, कुत्रा. आमच्याकडे कुत्रा नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज फार वाईट वाटतंय.

सीट बसवली त्याने. या गाडीत सीट मागेपुढे सरकत नाही. चालवणाऱ्याच्या पायांचं माप घेऊन एकदाच पक्की करतात, हे मला त्यानेच समजावलं होतं. आज माझ्यासमोर तो आत बसायला गेला. बसताच येईना. एवढा उंच माणूस, गुडघे स्टिअरिंगला अडकले, मान वाकडी. हातभर पुढे बसवली आहे ती सीट! आणि हा म्हणतो, "हं. बरोबर आहे."

कुमार. जो साधी फळी ठोकताना तीनदा माप घेतो. त्याने स्वतःच्या गाडीची सीट चुकीच्या जागी बसवली आणि ती चुकली आहे हेही त्याला दिसत नाही. सासऱ्यांचे हात गेले होते. याचं डोकं जातंय का? बसमध्ये रडले. समोरच्या बाईंनी रुमाल दिला.

हे असं बघत बसायचं नाही आता. सोमवारी डॉक्टरांची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ घेते, त्याला न विचारता.

७ एप्रिल

टेर्मिन मिळाली. ऑगस्टची.

१२ एप्रिल, शनिवार

कुमारने गाडी गराजबाहेर होफमध्ये, म्हणजे अंगणात, काढून ठेवली होती. ऊन होतं. "बस," म्हणाला. मी उजवीकडे गेले; इथे चालवणारा डावीकडे बसतो.

"तिकडे नाही."

डावीकडे आत शिरले. पाठ टेकली, कोपर दारावर आलं, स्टिअरिंग हाताशी. उजवा पाय लांब केला तर पेडल बरोबर तळव्याखाली. पेडलशेजारी माझा बूट होता.

खाली एवढी दोनच पेडलं, क्लच नाहीच. डावा पाय कुठे ठेवायचा, मी विचारलं.

"कुठेही ठेव. त्याला काही काम नाही."

रडू आलं, तसाच मिक्सर चालू केला आणि होफला दोन चकरा मारल्या. सोमवारी टेर्मिन रद्द करायची.