व्हेस्टाची प्रश्नचिन्हं

ब्लूफील्ड्स, मंगळवार

प्रिय डेल्सीन,

आल्विन डाउन्स गुरुवारी तुझ्याच जहाजावर रुजू व्हायला निघतोय आणि तुझ्या निरोपाला मी तीन आठवडे उत्तर दिलेलं नाही, म्हणून आज हे पत्र लिहिणं भाग आहे. तू म्हणालीस, "मावशी, अकरा रविवार झाले, उपासना नाही, सोबत कुणी नाही. एकटीने बायबल कसं वाचायचं ते सांग, नाहीतर मी पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकणार आहे आणि परत काढणार नाही." धमक्या द्यायची ही सवय तुला तुझ्या आईकडून आलेली नाही. ती माझी आहे.

आधी कामाचं सांगते. रोजच्या वचनांच्या चोपडीतली त्या दिवसाची ओळ वाचायची आणि झालं म्हणायचं, हे आपल्या मोरेव्हियन चर्चच्या लोकांचं जुनं दुखणं आहे. ती ओळ चिठ्ठी टाकून काढलेली असते. तिच्या आधी कोण काय बोललं, नंतर काय झालं, हे तिला एकटीला कसं कळणार? पूर्ण अध्याय वाच. मोठ्याने वाच, खोलीतली ती फिलिपिनो मुलगी हसली तरी. वीस खोल्यांच्या चादरी बदलल्यावर डोळे उघडे राहत नाहीत हे मी समजू शकते, तेव्हा कामावर जायच्या आधी वाच. आठवडाभर तोच अध्याय पुरला तरी चालेल. नावांच्या लांबलचक याद्या गाळू नकोस. चौतीस वर्षं मी शाळेत हजेरी घेतली, कुणाचं नाव गाळलं नाही. वाचून झालं की समासात तारीख घाल आणि एक प्रश्न लिही, फक्त एक. उत्तर त्याच दिवशी शोधायचं नाही. मग तो अध्याय कुणाला तरी गोष्टीसारखा सांग. जिथे अडखळशील तिथे तुला तो कळलेला नाही.

गोष्टीसारखा सांगणं ही युक्ती तुझ्या आईची. मी ती मंगळवारच्या बायबल-वर्गात वर्षानुवर्षं माझी म्हणून शिकवली.

तो वर्ग आता नाही. माझ्या व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही सहा जणी बसायचो. मिस ओरली मुलीकडे लिमोनला गेली. मिस झेल्डा त्या कर्ण्यावाल्या नव्या चर्चमध्ये जाते. मी विचारलं, तिथे असं काय शिकवतात? म्हणाली, "अर्मिन, तिथे पंखे आहेत." बाकीच्यांना गुडघ्यांनी घरी बसवलं. पाळक मागच्या महिन्यात कॉफीला आले आणि म्हणाले, "मिस अर्मिन, तुमच्याइतकं नेमाने वाचणारं गावात कुणी उरलं नाही." मी त्यांना आणखी एक बन वाढला. स्वयंपाकघराच्या दाराला माझा अध्यायांचा तक्ता टांगलेला तू पाहिला आहेस. रोज एक खूण. तुझ्या आईला पुरून चौदा महिने झाले, एक खूण चुकलेली नाही. आणि चौदा महिन्यांत मी एक पान वाचलेलं नाही, डेल्सीन. उठायचं, चूल पेटवायची, पेन्सिल घ्यायची, खूण करायची. थकवा आहे, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तू विचारलंस तेव्हा उत्तर द्यायला तीन आठवडे लागले ते यामुळे.

तुझी आई व्हेस्टा वर्गाला यायची ती भट्टीवरून थेट, कोपरापर्यंत पीठ. ओळीखाली बोट ठेवून वाचायची आणि आम्हा सगळ्यांना खोळंबवायची. एकदा तो अध्याय चालू होता, देवाने सांगितलं म्हणून बाप मुलाला बळी द्यायला डोंगरावर निघतो, लाकडं मुलाच्याच पाठीवर देतो. मी आज्ञापालनावर बोलत होते. तुझी आई म्हणाली, "आईला कुणी विचारलं होतं का?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, व्हेस्टा, तो या अध्यायाचा विषय नाही, पुढे चल. ती म्हणाली, "तुझा तक्ता पुढे गेलाय. मी इथेच आहे." पुढच्या मंगळवारी परत तेच. शेवटी मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की वर्गाचा वेळ खाऊ नकोस. त्यानंतर तिने विचारलं नाही.

मागच्या सुट्टीत तू आलीस तेव्हा तिचं काहीच नेलं नाहीस, म्हणून काल मी तिचं बायबल तुझ्यासाठी काढलं. बुरशी पुसताना ते त्याच अध्यायाशी उघडलं. समासात प्रश्नचिन्ह, खाली तारीख. मग दुसरं, तिसरं, समास भरेपर्यंत. पहिली तारीख मी ओळखली. तू जहाजावरच्या नोकरीचे कागद माझ्याकडे घेऊन आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तिकीट येईपर्यंत आईला सांगायचं नाही, असं आपण दोघींनी ठरवलं होतं. मीच ते भरले, शिफारसही मीच लिहिली आणि कागद साखरेच्या डब्याखाली ठेवले. साखर घ्यायला ती रोज यायची. तिने आपल्याला विचारलं नाही, वर्गात विचारलं; मी तिला विषय समजावत बसले. शेवटची तारीख ती जायच्या आदल्या आठवड्याची आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'अर्मिन म्हणते विषय हा नाही. मला तोच वाटतो. उद्या परत वाचते.' आज सकाळी मी तो अध्याय मोठ्याने वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तक्ता मी चुलीत घातला. तूही तिथूनच सुरू कर, आणि जो प्रश्न पडेल तो मला लिहून पाठव. मी विषय सांगणार नाही. वाचून माझा प्रश्न तुला कळवीन.

तुझीच,
अर्मिन मावशी

गुरुवार सकाळ, धक्क्यावर. आल्विनच्या हाती दिलं ते: कोरी वही एक. नारळाचे बन सहा. एक त्याने माझ्यासमोरच खाल्ला, तेव्हा पाच. पेन्सिली दोन, एक नवी, एक व्हेस्टाची, दातांचे ठसे असलेली. व्हेस्टाचं बायबल, पुठ्ठा सुटा, मेणकापडात बांधलेलं, त्या अध्यायाशी दोरा घातलेला.

मिळालं. — आल्विन डाउन्स