हिरव्या काठ्या

१४ सप्टेंबर
घोळ घातला! सकाळी सासूबाईंनी बागेतल्या रास्पबेरीच्या झुडपांची अर्धी रांग छाटली आणि कंबर धरून आत जाऊन झोपल्या. म्हटलं, उरलेली आपण उरकू, उठल्यावर खूश होतील. चांगलं मन लावून सगळ्या कोवळ्या हिरव्या काठ्या बुडापासून उडवल्या, जुन्या तपकिरी ठेवल्या. जाड आहेत, म्हणजे त्याच फळणार — हे माझं शहाणपण!

उलटं असतं. फळं देऊन झालेल्या तपकिरी काढायच्या. हिरव्या पुढच्या वर्षी फळतात. हे मला कळलं संध्याकाळी, सासूबाई रांगेपाशी उभ्या राहून स्वतःशीच बोलत होत्या तेव्हा. "अगं बाई, हिरव्याच कापल्या? पुढच्या वर्षीची फळं गेली! हे काय करून बसले मी?"

मी! त्यांना वाटलं, त्यांनीच कापल्या. मी दारात उभी, हातात त्यांचा कप. तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा गार होतोय, आई."

१५ सप्टेंबर
आज सांगते. नक्की.

१६ सप्टेंबर
नाही सांगितलं.

२० सप्टेंबर
जेवताना त्यांनीच विषय काढला. नवऱ्याला म्हणाल्या, "मला काही म्हणजे काही आठवत नाही रे. पहिली अर्धी रांग नीट, आणि पुढे डोकं फिरल्यासारखं." गेल्या महिन्यात त्या गॅस चालू ठेवून बाहेर गेल्या होत्या, तेव्हापासून तो तसाही धास्तावलेला. मला विचारलं, "तू घरातच होतीस ना? पाहिलं नाहीस?"

"मी वर कपडे वाळत घालत होते."

इतकं सहज निघालं तोंडातून! आणि घास घशाखाली उतरेना वगैरे काही झालं नाही. पोटभर जेवले. त्याचीच जास्त लाज वाटते.

८ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, पण लक्ष ठेवा. झालं! नवरा नणंदेशी फोनवर तासभर. तिच्याकडे दिवसभर कुणीतरी घरी असतं, आम्ही दोघं कामावर. आई तिकडेच बऱ्या, असं ठरत चाललंय. मी भाजी निवडत बसले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

१६ नोव्हेंबर
वाटेवर आलेले फुटवे मुळांसकट खणून रिकाम्या जागेत लावले, आम्ही दोघींनी. सासूबाई खड्डा करायच्या आणि माझ्याकडे बघायच्या — "एवढा खोल बरोबर ना गं?" अख्ख्या गल्लीला ज्यांनी रास्पबेरी लावायला शिकवली, त्या मला विचारतात! मी मान हलवत राहिले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. रडून काय उपयोग, तोंड आहे ना सांगायला? भित्री कुठली!

२९ नोव्हेंबर
उद्या नणंद न्यायला येणार. सासूबाईंची बॅग भरून झाली. आपणहून म्हणाल्या, "जाते बाई, इथे राहून एखाद दिवशी घर पेटवायचे."

३० नोव्हेंबर
सांगितलं. सगळ्यांसमोर, बॅग गाडीत ठेवताना — मी कापल्या, आई झोपल्या होत्या, मी खोटं बोलले. सासूबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी जाऊ नये म्हणून स्वतःवर आळ घेतेस? वेडी पोर!" नणंदेचे डोळे भरून आले. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी गेली.