बुटकी फरसबी की वेलाची

१२ नोव्हेंबर
मंदार डोंबिवलीला परत गेला. निघताना उंबऱ्यात उभं राहून पुन्हा तेच. आई, आणखी एकदा पडलीस की विषय संपला, घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. पावसात शेवाळावरून एकदा घसरले तर एवढं. बरं म्हटलं. गाडी वळणाआड गेली आणि मी कुदळ काढली.

१४ नोव्हें.
मागीलदारी तीन वाफे. पाकिटातली बुटकी फरसबी, सावर्ड्याच्या वन्संनी दिलेली वेलाची, आणि माहेरची, केळशीची लांब चवळी. दुकानदार म्हणाला, बुटकी घ्या, शिरा नाहीत, मांडव नको, तुमच्या वयाला बरी. वयाचं त्याला कोणी विचारलं होतं? कोण बरी ते मी ठरवीन. तिघींना शेणखत सारखं, पाणी सारखं.

२० नोव्हें.
बुटकी सहाव्या दिवशी वर. वेलाची ढिम्म. गुडघा ठीक, म्हणजे दुखतोय.

९ डिसेंबर
चवळीवर मावा. दोनदा राख मारली, शेवटी उपटून टाकली. माहेरची म्हणून काय डोक्यावर बसवायची? वेलाला काठ्या रोवून सुंभ बांधलं, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. हे होते तेव्हा मांडव त्यांच्या उंचीचा असायचा आणि शेंगा काढायला मी स्टुलावर चढायची. इतकी वर्षं मुकाट चढले याचा आज राग आला.
मं.चा फोन. त्याने गुडघ्याचं विचारलं, मी फरसबीचं सांगितलं.

४ जानेवारी
बुटकीचा पहिला तोडा. कोवळी, दोरा नाहीच. खोबरं घालून भाजी. शेजारच्या शेवंताला वाटीभर दिली. चवीला पैकीच्या पैकी. पण काढायला उकिडवं बसावं लागतं, हे पाकिटावर लिहिलेलं नाही.

१७ जाने.
वेलाची सुरू. उभ्याने काढल्या, छान वाटलं. शिरा आहेत, शिजायला वेळ, चव बुटकीपुढे उणीच. खरं ते लिहायचं.

२५ जाने.
बुटकीच्या वाफ्यात बसले ती उठता येईना. पडले नाही, बसले. हात टेकून पाहिलं, गुडघा सरळच होईना. पाऊण तास उन्हात. हाक मारली नाही. तेवढ्यात तण काढून झालं. शेवंता विहिरीवर आली, तिने काखेत हात घालून उठवलं.
"काकी, मी पोराला सांगनार. उद्या काय झाला तर माझ्यावर येल."
म्हटलं सांग. पण पडले म्हणू नको, बसले होते म्हण.
आत येऊन रडले. भीती वाटली. ते फक्त इथे.

२६ जाने.
मं. शनिवारी येतोय. बॅग भरून ठेव म्हणाला. भरणार नाही.

३१ जाने., शनि.
आल्या आल्या, बॅग कुठेय? म्हटलं, आधी जेवायला भाजी काढ, बुटकीची. रागातच जाऊन बसला. अर्धी परडी झाली. उठताना एक हात मातीत टेकला, दुसरा माझ्यापुढे केला. मी ओढलं. त्याचा गुडघा कटकन वाजला, दोघांनीही ऐकलं. चव्वेचाळीस वर्षांचा आहे.
हात धुताना म्हणाला, "पुढच्या वर्षी वेलाचीच लाव." कुठे लाव, ते बोलला नाही.

१ फेब्रुवारी
सकाळी बुटकीच्या चार झाडांना सुतळी बांधली. त्यांच्या शेंगा तोडायच्या नाहीत, बी धरायचं. मं. चहाचा कप घेऊन मागे उभा. दुपारी निघूया म्हणाला.
म्हटलं, "ह्या वाळेपर्यंत मी हलत नाही."
किती दिवस, म्हणाला. महिना तरी, म्हटलं.
कप खाली ठेवून त्याने सुतळीची एक गाठ चाचपली. मग म्हणाला, "आणि वेलाचीचं बी?"
"ते त्याच्याही नंतर."