पोटावरची सीमारेषा

३ तारीख, सायं. ७
उद्या माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर रोगट भाग काढणार आहेत. सर्जन वयाने माझ्या जावयाहून लहान. तेव्हा त्याला शक्य ते साहाय्य करणे माझे कर्तव्य ठरते. दाढीच्या ब्लेडने पोट स्वतःच गुळगुळीत केले. तीन ठिकाणी कापले. एकंदरीत काम नेटके.

४ तारीख, सकाळी
सिस्टर पोट पाहून वैतागली. घरी केस काढू नका असे रुग्णालयाने दिलेल्या कागदावर ठळक छापले होते, ब्लेडच्या ओरखड्यांतून जंतू शिरतात, इत्यादी. कागद मी वाचला होता. अशा सूचना सर्वसामान्य रुग्णांसाठी असतात. मी चौतीस वर्षे मापनशास्त्र शिकवले आहे.

१२ तारीख
काल घरी आलो. आणखी दोन दिवस राहा, असा सर्जनचा आग्रह होता, मानला नाही. ड्रेसिंगला हात लावायचा नाही. ताप शंभरावर गेला किंवा लाली पसरली तर तत्काळ फोन. बायकोने हे फ्रिजवर चिकटवले.
संकल्प: हात न लावणे.

१२ तारीख, सायं. ५
ड्रेसिंगचा कोपरा उचलून पाहिला. निरीक्षणावाचून नियंत्रण अशक्य. हात साबणाने स्वच्छ धुतले. नंतर.

१३ तारीख
खालच्या टाक्यांभोवती लाली. तिच्या कडेने बॉलपेनने सीमारेषा आखली, शेजारी तारीख व वेळ घातली. आता अंदाजपंचे काही नाही.

१४ तारीख
लाली रेषेबाहेर. काल रेषा आडवे पडून आखली होती, आज उभा होतो. त्वचा ताणली जाते. कालची रेषा सदोष. नवी आखली.
सायंकाळी तिसरी. बाथरूममध्ये इतका वेळ काय करता, असे बायकोने विचारले. वाचतो, म्हटले.

१५ तारीख
ताप १००.४. मात्र हा थर्मामीटर कधीच तपासून घेतलेला नाही. बायकोला लावला: ९८.९. ती ठणठणीत आहे, अर्थात उपकरण अर्धा अंश अधिक दाखवते. माझा खरा ताप ९९.९. फोनची आवश्यकता नाही.
अंग चटके देतंय, असे बायकोचे म्हणणे. तळहात हे उपकरण नव्हे.

१६ तारीख
चौथी रेषा, पाचवी रेषा. ड्रेसिंग पिवळे, ओले. वर घडी घालून रुमाल ठेवला. घरात कसलातरी वास येतोय म्हणून बायको कपाटांमागे मेलेला उंदीर शोधत होती. मीही टॉर्च धरला.

१७ तारीख, सकाळी
दात वाजत आहेत. १०१.९, वजा अर्धा.
बायकोने माझा शर्ट वर केला. टॅक्सी बोलावली.

१८ तारीख
काल सर्जनने चार टाके काढले. जे बाहेर आले त्याचे वर्णन करत नाही. लाली केव्हापासून, असे त्याने विचारले. "आज सकाळपासून," मी म्हणालो. सिस्टर वाकली आणि माझे पोट वाचू लागली.
"तेरा तारीख, चार दहा. चौदा तारीख, सात पंचवीस. चौदा तारीख, सहा..."
"पुरे हो सिस्टर," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, ताप किती होता ते तरी खरं सांगा."
सांगितला. वजाबाकी न करता.
सर्जन मला अजूनही सर म्हणतो. "तेराला आला असतात, सर, तर इतकं उघडावं लागलं नसतं."

२६ तारीख
जखम उघडी ठेवली आहे. तळापासून भरत यायला दीड महिना लागेल. आत रोज पट्टी भरायची असते. बायको सिस्टरकडून शिकून आली. मला छताकडे पाहण्याची आज्ञा आहे.
आज विचारले, जखम कशी आहे. "बरी आहे," म्हणाली.
बरी म्हणजे नेमकी किती, हे विचारणार होतो. तिने पुढची पट्टी उचलली. विचारले नाही.