पाच पानांचे वेळापत्रक

लोणावळे,
मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १८६४

तीर्थरूप शरच्चंद्ररावांच्या चरणी लोणावळ्याहून त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम आहे असे पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. पत्र वाचून झाल्यावर ती ओळ आपणच खोडून टाकावी. सासूबाईंचा खोकला कसा आहे? त्या खोकल्याची शुश्रूषा करायला आठ दिवसांसाठी म्हणून आपण आपल्या भगिनीला तळेगावी नेलेत, त्याला आज एकवीस दिवस झाले. (परवा आपल्याकडचा महिपती टांगेवाला इथे स्टेशनात भेटला. तो सांगत होता की सासूबाई रोज पहाटे मारुतीच्या देवळात खड्या आवाजात आरती म्हणतात. खोकला पहाटे कमी असतो, असे मी स्वतःशी म्हटले.) मी दोन पत्रे पाठवली, आणि दोन्हींना आपले एकेका ओळीचे उत्तर आले की खोकला अद्याप आहे. तेव्हा हे तिसरे पत्र लांबलचक लिहीत आहे, म्हणजे उत्तर निदान दोन ओळींचे येईल.

आपण त्या दिवशी वाचनालयातले माझे काटकसरीवरचे व्याख्यान अर्धे टाकून उठलात. मला तेव्हा वाटले की आपली गाडी चुकत असेल. आता सगळे पहिल्यापासून सांगतो, कारण जे आपल्याला दुसऱ्या रांगेतून दिसले ते मला व्यासपीठावरून दिसले नाही, आणि ते दिसायला मला पुढे स्वतःच्या हाताने भांडी घासावी लागली.

गणपती गेले आणि महागाई मात्र राहिली, अशा त्या दिवसांत आमच्या शाळेत युद्धकाळातील काटकसर या विषयावर हेडमास्तरांचे भाषण झाले. (भाषणानंतर चहा झाला नाही, एवढाच त्याचा पुरावा.) मी घरी आलो तो पेटूनच. तांदूळ मिळेनासा झालेला, साखरेचे नाव काढायची सोय नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरात पाहावे तर कसलीच योजना नाही. दुपारचे राहिलेले, शेजारून आलेले, परसात उगवलेले असे मिळून संध्याकाळी काहीतरी पानात पडायचे आणि आम्ही ते जेवायचो. बारा वर्षे हे बिनबोभाट चालले होते, ही गोष्ट मला तेव्हा योजनेच्या विरुद्धच वाटली. शाळेला वेळापत्रक असते, आगगाडीला असते, मग रात्रीच्या जेवणाला का नसावे? मी आफ्रिकेच्या फाटक्या नकाशाच्या पाठीवर आठवड्याचे वेळापत्रक आखले. सोमवारी पिठले-भाकरी, मंगळवारी मुगाची खिचडी, बुधवारी आमटी-भात, गुरुवारी भाजणीचे थालीपीठ, शुक्रवारी कुळथाचे पिठले, शनिवारी अळूचे फदफदे आणि रविवारी भाकरीबरोबर गोड म्हणून गुडदाणीचे तुकडे. नकाशा स्वयंपाकघरातल्या भिंतीला खळ लावून चिकटवला. (खळीला लागलेली कणीक मी त्या सोमवारच्या पिठातून वळती करून घेतली, कारण नियम म्हणजे नियम.)

आता माप कसे ठरवले ते सांगतो, कारण सगळे तिथेच आहे. गणित शिकवणारा माणूस अंदाजाने चालत नाही. एका संध्याकाळी मी पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि मांडलेली पाने मोजली. आप्पांचे एक, माझे एक, नीरजेचे एक आणि दोन्ही मुलांची दोन, अशी पाच भरली. दर पानाला भाकरी किती, भात किती, तेल किती हे ठरवून पाचाने गुणले. गुणाकार भागाकाराने ताडून पाहिला. चूक नव्हती. मग कोठीला कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधली आणि रोज सकाळी शाळेला जायच्या आधी पाच पानांचे धान्य मापाने काढून देऊ लागलो. मापावर शीग राहू नये म्हणून शाळेची फूटपट्टी वरून फिरवत असे. सौ. चंद्रिका समोर सूप धरून उभी असे. पहिल्या दिवशी तिने एवढेच विचारले, की हे सगळ्यांचे का? मी म्हटले, सगळ्यांचे. तिने सूप उचलले आणि ती आत गेली. त्यानंतर तिने काही विचारले नाही. तिला योजना पटली, असा मी त्याचा अर्थ घेतला.

योजनेत अडचणी आल्या नाहीत असे नाही. अळू मी स्वतः मोरीमागून कापून आणला, आणि तो खाजरा निघाला. त्या शनिवारी घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते, आणि शेजारच्या अंबूबाईंना वाटले की आमच्यात मोठे भांडण झाले. कुळथाच्या शुक्रवारी आप्पा ठरवून देवळात कीर्तनाला जाऊ लागले. तिथे शुक्रवारी कीर्तन नसते, हे मला फार पुढे कळले. (प्रसादाला मात्र केळे असते.) मी दिवाळीत वेळापत्रकाला चार दिवसांची सुट्टी दिली आणि पुन्हा चालू केले. या अडचणी मी एका वहीत टिपून ठेवत होतो, आणि प्रत्येकीवर तोड काढत होतो. सर्वांत चांगली तोड चौथ्या नियमाची. तो मी तांबड्या शाईने लिहिला: कोणीही पानात काहीही टाकू नये. पूर्वी माझ्या पानात उठताना अर्धी भाकरी, भाजीचा एखादा घास राहायचा. वडीलधाऱ्यांचे पाहून तशी सवयच लागली होती, आणि का टाकायचे असते ते मी कधी मनाला विचारले नव्हते. आता मी पान बोटाने निपटून उठू लागलो आणि ते मुलांना दाखवू लागलो.

याच सुमारास वाकसईची धोंडाबाई भाजीची पाटी घेऊन आली. बारा वर्षे तीच आमच्याकडे भाजी घालते. मी तिला म्हटले की आता अंदाजाने देऊ नकोस, पाच पानांची दे. तिने पाटी खाली ठेवली, आत पाहिले आणि म्हणाली, "पाच पानं म्हंता मास्तर, मग बाईंचं पान कुटं हाय? त्या काय वारा खाऊन ऱ्हात्यात व्हय?" मी तिला समजावून दिले की बाईंचे पान निराळे नसते, त्या मागून माझ्याच पानावर बसतात, म्हणून ते पान एकदाच मोजायचे. धोंडाबाई दोन जुड्या जास्तीच्या टाकून निघून गेली. मी त्यातली एक परत द्यायला तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो. हेही लिहिले पाहिजे. आणि वाचनालयात अडाणी माणसाच्या गणिताचे उदाहरण म्हणून मी जी गोष्ट सांगितली, सगळे हसले आणि आपण उठून गेलात, ती हीच.

तिथून आपण थेट आमच्या घरी गेलात. मी हार घेऊन घरी पोचलो तो सौ. गाठोडे बांधून उभी, आणि आपण सांगितलेत की आईला खोकला आहे. कंदिलाच्या उजेडात पदर सावरताना तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरलेल्या मला दिसल्या. दिसल्या, पण मी मनात म्हटले की बांगड्या मोठ्या भरल्या असतील.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक माझ्याकडे आला. बुधवार होता. आप्पा, तीन मुले आणि मी अशी पाच माणसे, आणि माप पाच पानांचे. भात जरा करपला, आमटी पाण्यासारखी झाली, पण सगळे पुरले. सर्वांना वाढून मी शेवटी बसलो आणि जेवून उठलो तेव्हा पातेल्यात एक शीत उरले नव्हते. मला फार आनंद झाला. दोन महिन्यांनी योजना माझ्या डोळ्यांदेखत खरी ठरत होती. पातेले घासायला घेऊन मी नीरजेला म्हटले, बघ, बाकी शून्य. ती नऊ वर्षांची आहे आणि गणितात माझ्यापेक्षा बरी आहे. ती म्हणाली, मग आई काय खायची? तिनेच सांगितले, की आई पातेल्याच्या बुडाची खरवड खायची आणि वर ताक-पाणी प्यायची. आई म्हणायची, मला खरवडच आवडते. आणि रविवारी गुडदाणीचे तुकडे पाचच असायचे, तेव्हा म्हणायची, माझ्या दाताला लागते.

शरच्चंद्रराव, मी ते पातेले किती वेळ घासत होतो कोण जाणे. वर्गात एखादा मुलगा घरातली माणसे मोजताना स्वतःला धरायला विसरला, तर मी त्याला बाकावर उभा करतो. मी माझी बायको मोजायला विसरलो, आणि मला बाकावर उभे करायला कोणी नव्हते. तिने एका शब्दाने सांगितले असते तर, असे मी दोन दिवस स्वतःची समजूत घालत होतो. पण तिने पहिल्याच दिवशी सूप धरून विचारले होते. मी तिचा अपराधी आहे. याहून चांगले मराठी मला या बाबतीत येत नाही.

नकाशा मी भिंतीवरून काढला. (खळ चांगली लागली होती. आफ्रिकेचा अर्धा किनारा अजून चुलीमागे आहे.) सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगावा, आणि त्यांच्या खोकल्याला लवकर उतार पडो.

आपला अपराधी मेहुणा,
त्र्यंबक

ता. क. हे पत्र आपल्या नावाने असले तरी आपण ते मनात वाचू नये. माजघराच्या दाराशी, आत ऐकू जाईल अशा बेताने, मोठ्याने वाचावे. आपल्या घरी सौ.च्या नावाने पत्र आले तर ते आधी चौघांच्या हातून जाते, म्हणून हा वळसा घेतला. मोठ्याने न वाचता आपण इथपर्यंत आला असाल, तर कृपा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

ता. क. दुसरा. कासाराकडून एक पितळेचे ताट आणले. वर कोणाचे नाव घालू असे त्याने विचारले, तेव्हा मी चंद्रिका असे सांगितले. बायकोचे नाव असे दुकानात घेतलेले ऐकून त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. उष्ट्या पानावर बसायचे आमच्या घरी आता बंद. आप्पांना हे सांगायला मला तीन दिवस लागले. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, तुझी आई पण खरवड आवडते म्हणायची. नीरजा रोज संध्याकाळी ते सहावे ताट मांडते, आणि आम्ही उठलो की तसेच फळीवर ठेवते.

ता. क. तिसरा, आणि खरे काम हेच. पाकिटात कोठीची किल्ली घातली आहे. ती सौ.च्या हातात द्यावी, दुसऱ्या कोणाच्या नको. तिने ती टपालाने परत पाठवली तर मी काय ते समजेन, आणि पुन्हा खोकल्याची चौकशी करणार नाही. स्वतः घेऊन येणार असेल, तर परवा संध्याकाळी पुण्याकडून येणाऱ्या गाडीला आम्ही पाचही जण फलाटावर असू. तेवढे मात्र नक्की आहे, कारण किल्ली पाकिटात घालताना कोठीला कुलूप होते हे माझ्या लक्षात राहिले नाही, एकदा तिच्यासाठी घातलेली किल्ली पुन्हा काढायची नाही असे ठरवले आहे, उद्यापुरत्या भाकऱ्या धोंडाबाई देणार आहे, आणि परवा घरी थांबून आम्हाला खायला काही नाही.